न सांगतां केलेली काळजी

जुन्या संसारांतील वस्तूंच्या अंगीं एक मोठा गुण होता: त्यांचें म्हातारपण लपत नसे. पितळी पातेल्याची कल्हई उडाली कीं आंतील आमटी कळके, आणि ती बातमी पानावर बसलेल्या प्रत्येकाच्या जिभेला पोंचे. जात्याचे दांते झिजले कीं पीठ भरड पडे. टांकी लावणाऱ्याला हांक मारण्याची वेळ झाली आहे हें दळणाऱ्या बाईला कोणीं सांगावें लागत नसे. भिंतीवरचें लंबकाचें घड्याळ थकलें म्हणजे रेडिओवरच्या वेळेशीं त्याचा मेळ बसेनासा होई. सारांश, वस्तु थकली आहे हें प्रथम मालकाला कळे. आणि मग तिला कल्हई करावी, टांकी लावावी कीं मोडींत घालावी, हें घरांतील वडील माणसें ठरवीत. ती वस्तु घडविणारा तांबट किंवा पाथरवट त्या वेळीं आपल्या घरीं स्वस्थ असे. रात्रीं गुपचूप आमच्या स्वयंपाकघरांत शिरून त्यानें पातेल्याचें तोंड लहान करून ठेवलें, असें कधीं घडलें नाहीं.

आजच्या घरांतील सर्वांत लाडक्या वस्तूचें, म्हणजे मोबाइल फोनचें, म्हातारपण मात्र निराळ्या जातीचें आहे. चार वर्षें वापरलेल्या फोनच्या कांचेवर कदाचित् एखादा ओरखडाहि नसतो. झीज होते ती आंत, जेथें आपली दृष्टि पोंचत नाहीं तेथें. शिवाय, विकल्यानंतरहि जिच्यांत घडविणाऱ्याचा हात राहतो अशी ही आमच्या संसारांतली बहुधा पहिलीच वस्तु. कंपनी हजारों मैलांवरून एक अपडेट पाठविते, आपण रात्रीं फोन विजेला लावून झोंपतों, आणि सकाळीं हातांत येतो तो फोन दिसण्यांत तोच असला तरी वागण्यांत तोच असतो असें नाहीं.

या वस्तूच्या वारशाची तऱ्हाहि उलटी आहे. आमच्या घरीं आम्ही लहानमोठीं अकरा माणसें एकत्र राहतों. एके काळीं आमच्याकडे वारसा वरून खालीं येई: आजीच्या पाटल्या सुनेच्या हातांत, आजोबांचा लोंकरी कोट नातवाच्या अंगावर. फोनचा वारसा खालून वर चढतो. नवा फोन कमावत्या पुतण्याकडे येतो. त्याचा जुना त्याच्या बहिणीकडे जातो. आणि तिचा त्याहून जुना आम्हां वडीलधाऱ्यांकडे. यांत अनादर मुळींच नाहीं. आमच्या गरजा थोड्या, आणि चालती वस्तु टाकून देणें आमच्या पिढीला पाप वाटतें. परंतु परिणाम असा होतो कीं, घरांतील सर्वांत थकलेली बॅटरी घरांतील सर्वांत थकलेल्या हातांत येऊन पडते. आणि मग दोघांचे थकवे एकमेकांत असे मिसळून जातात कीं, कोणता कोणाचा हें ओळखूं येत नाहीं.

माझ्या थोरल्या वहिनींचेंच पाहा ना. वहिनी आज शहात्तर वर्षांच्या आहेत. घरचा महिन्याचा हिशेब चाळीस वर्षें त्यांनीं एकहातीं ठेवला. मीं आयुष्यभर महाविद्यालयांत गणित शिकविलें. पण माझ्या पदवीपेक्षां वहिनींच्या तोंडच्या बेरजेवर घरांत अधिक विश्वास. पुतण्याच्या बहिणीचा फोन त्यांच्याकडे आला तेव्हां त्या हौसेनें तो शिकल्या. परदेशीं असलेल्या नातवाला स्वतः टंकून पत्रें लिहूं लागल्या. पुढें हळूहळू त्यांचा उत्साह ओसरला. अक्षर दाबावें तें उमटत नसे, म्हणून पुन्हां दाबावें तों दोन उमटत. नातवाची घंटा वाजे, आणि हिरव्या चकतीवर बोट ठेवूनहि फोन उचलला जाई तोंपर्यंत ती थांबलेली असे. एके संध्याकाळीं त्यांनीं हिशेबाची वही सुनेपुढें ठेवली आणि म्हटलें, "आतां हें तूंच बघ. माझीं बोटें आणि डोकें, दोन्ही मंद झालीं." त्या वयांत कोणीं असें म्हटलें तर तें खोटें ठरविण्यास पुरावा कोणापाशीं असणार?

कांहीं दिवसांनीं दुसऱ्याच कामासाठीं पुतण्यानें तो फोन दुरुस्तीच्या दुकानांत नेला. दुकानदारानें पाहतांच बॅटरी संपत आल्याचें सांगितलें व ती बदलून दिली. फोन पूर्वीच्या चालीनें चालूं लागला. वहिनींनीं चार ओळी लिहून पाहिल्या, क्षणभर फोनकडे टक लावून पाहिलें, आणि मला म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे मंद मी नव्हतें. हा होता!" दुसऱ्या दिवशीं हिशेबाची वही त्यांच्या उशाशीं परत आली. तो फोन कोणत्या कंपनीचा, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. पुढें जिची हकीकत सांगणार आहें ती कंपनी ही नव्हे. मला लागून राहिलें तें निराळेंच. मंद झालेल्या यंत्राची किंमत पैशांत मोजतां येते. परंतु त्या यंत्रापायीं जें माणूस स्वतःलाच मंद समजूं लागतें, त्याचें नुकसान कोणत्या मापानें मोजावयाचें?

या प्रकारचें सर्वांत गाजलेलें प्रकरण अमेरिकेंतील ॲपल कंपनीचें. सन २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्या पुष्कळ लोकांची तक्रार येऊं लागली कीं, बॅटरींत बरीच शक्ति शिल्लक दिसत असतांहि फोन एकाएकीं बंद पडतो. सप्टेंबर व ऑक्टोबर २०१५ मध्यें तयार झालेल्या कांहीं ६एस फोनांच्या बॅटऱ्या कंपनीनें फुकट बदलून दिल्या. परंतु तक्रार तेवढ्यानें मिटली नाहीं. २३ जानेवारी २०१७ रोजीं कंपनीनें १०.२.१ या क्रमांकाचें अपडेट पाठविलें, आणि पुढील महिन्यांत जाहीर केलें कीं, ६एस फोनांचें असें अवचित बंद पडणें ८० टक्क्यांहून अधिक कमी झालें आहे. रोग बरा झाला, असें सर्वांस वाटलें. औषध काय दिलें, तें मात्र रोग्याला कोणीं स्पष्ट सांगितलें नाहीं.

तें उघडकीस आलें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत. एका वापरणाऱ्यानें आपल्या मंद झालेल्या फोनची बॅटरी बदलली, बदलण्यापूर्वीं आणि नंतर त्याची गति मोजली, आणि दोहोंतील मोठा फरक जगापुढें मांडला. तो पाहून, फोनची गति मोजण्याचें साधन तयार करणाऱ्या कॅनडांतील प्रायमेट लॅब्स या संस्थेचे जॉन पूल यांनीं आपल्याकडे जमलेल्या चाचण्यांच्या गुणांचे आलेख काढले आणि १८ डिसेंबर २०१७ रोजीं ते प्रसिद्ध केले. गणिताच्या शिक्षकाला त्या आलेखांत जो आनंद होतो तो मी वाचकांपासून कसा लपवूं? एकाच घडणीच्या यंत्रांची गति मोजली तर आलेखांत एकच टेंकडी दिसावी. कांहीं यंत्रें किंचित् मागें, कांहीं किंचित् पुढें, आणि बहुतेक सारीं मधल्या शिखराजवळ. जुन्या अपडेटवर चालणाऱ्या ६एस फोनांचा आलेख तसाच होता. नव्या अपडेटनंतर मात्र त्याच फोनांच्या आलेखांत मूळ शिखराच्या मागें आणखी निराळीं शिखरें उभीं राहिलीं. नुसत्या झिजेनें टेंकडी पसरट होते; तिच्या चार टेंकड्या होत नाहींत. ठराविक पायऱ्यांवर शिखरें उभीं राहतात तेव्हां त्या पायऱ्या कोणीं तरी बांधलेल्या असतात. दोनच दिवसांनीं, २० डिसेंबर रोजीं, कंपनीनें तें मान्य केलें.

आतां कंपनीची बाजूहि ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाहीं. लिथियम-आयन बॅटरी हें या युगाचें खरोखर मोठें लेणें आहे. तिच्या जडणघडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ती झिजते. त्या काळच्या आयफोनांची बॅटरी ५०० वेळां पूर्ण भरून रिकामी झाल्यावर मूळच्या ८० टक्के शक्ति राखून असावी, असा कंपनीचाच हिशेब होता. उष्णता तिची वैरीण. ३५ अंशांवरील उष्म्यानें तिला कायमची इजा होऊं शकते, असें कंपनी सांगते. नागपूर-अकोल्याच्या वैशाखांत जे राहतात त्यांना या आंकड्याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

झीज दोन प्रकारांनीं होते. एक तर बॅटरींत सांठा कमी राहतो. दुसरा प्रकार अधिक फसवा: सांठा असतो, पण तो एकदम बाहेर येत नाहीं. जुन्या वाड्यांतील गच्चीवरची टांकी आठवा. टांकींत पाणी आहे, परंतु नळाच्या आंत वर्षानुवर्षें क्षार धरून त्याची वाट अरुंद झाली आहे. एक तोटी सोडली तर पाणी बरें येतें. त्याच वेळीं न्हाणीघरांतली आणि मोरींतली तोटीहि सोडली कीं तिन्हींचा जीव घुटमळतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत अडथळा असाच वाढलेला असतो. थंडींत किंवा सांठा कमी असतांना फोनच्या मेंदूनें एकदम मोठी मागणी केली कीं विजेचा दाब कोसळतो, आणि आंतील नाजूक भागांना इजा होऊं नये म्हणून फोन स्वतःला बंद करून घेतो. कंपनीनें केलें तें एवढेंच कीं, तिन्ही तोट्या एकदम सोडण्याची मनाई केली. फोन सावकाश चालला, पण मध्येंच मूर्च्छा येऊन पडेनासा झाला. रस्त्यांत अडचणींत सांपडलेल्या माणसाला बंद पडलेल्या वेगवान फोनपेक्षां चालणारा मंद फोन शतपटीनें बरा. इंजिनिअरांच्या युक्तींत मला तरी दोष दिसत नाहीं.

दोष आहे तो मौनांत. कारण एवढें एकच वाक्य, "आपली बॅटरी थकली आहे, म्हणून आम्हीं गति उतरविली आहे," पडद्यावर उमटलें असतें तर त्या माणसापुढें तीन वाटा होत्या. त्यानें मंद गति पत्करली असती, नाहींतर नवी बॅटरी घातली असती, नाहींतर नवा फोन घेतला असता. वाक्य न उमटल्यामुळें पहिल्या दोन वाटा धुक्यांत गेल्या, आणि तिसरी, जिच्या टोंकाला विकणाऱ्याचें दुकान आहे, तेवढी लख्ख दिसत राहिली. ग्राहकानें नवा फोन घ्यावा म्हणून आपण जुन्याचें आयुष्य कधींच कमी केलें नाहीं, असें कंपनीनें निक्षून सांगितलें. तिच्या मनांत काय होतें याचा निवाडा मी करीत नाहीं. पण ज्या मौनाचा फायदा मौन धरणाऱ्यालाच होतो, त्याचें समर्थन परोपकाराच्या नांवानें करूं जातां ऐकणाऱ्याच्या कपाळाला आंठी पडावयाचीच.

२८ डिसेंबर २०१७ रोजीं कंपनीनें ग्राहकांची क्षमा मागितली, आणि ७९ डॉलरांना मिळणारी बॅटरी पुढील वर्षभर २९ डॉलरांना बदलून देण्याचें जाहीर केलें. मार्च २०१८ मध्यें आलेल्या ११.३ या अपडेटनें फोनमध्येंच बॅटरीच्या प्रकृतीचें पान उघडून दिलें. मूळच्या शंभर भागांपैकीं किती शक्ति उरली, हें त्यावर दिसूं लागलें. शिवाय, गतीवरचा लगाम नको असेल तर तो काढून ठेवण्याची मुभाहि मिळाली. पुढें जें घडलें तें बोधप्रद आहे. २ जानेवारी २०१९ रोजीं कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनीं भागधारकांना पत्र लिहून त्या तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज ८,९०० ते ९,३०० कोटी डॉलरांवरून ८,४०० कोटींवर आणला. मुख्य कारण चीनमधील मंदावलेला व्यापार हें होतें; परंतु कारणांच्या यादींत, अनेक लोकांनीं स्वस्तांत बॅटरी बदलून घेतली, हेंहि एक होतें. म्हणजे खरें काय तें कळल्याबरोबर लोकांनीं दुसरी वाट धरली. एका वाक्याची किंमत याहून स्पष्ट आंकड्यांत क्वचितच मांडली गेली असेल.

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपल्याकडे म्हणतात. ही उघडली ती कोट्यवधींची निघाली. इटलीच्या स्पर्धा-नियामक मंडळानें ऑक्टोबर २०१८ मध्यें ॲपलला १ कोटी युरो दंड केला; नवें अपडेट जुन्या नोट ४ फोनांवर घालावयास लावल्याबद्दल सॅमसंगलाहि ५० लाख युरोंचा दंड झाला. ठरवून वस्तु लौकर निकामी करणें हा फ्रान्समध्यें २०१५ पासून गुन्हाच आहे. तेथील ग्राहक-संस्थेच्या तक्रारीवरून चौकशी होऊन फेब्रुवारी २०२० मध्यें ॲपलनें २ कोटी ५० लाख युरो भरले. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो दंड फोन मंद केल्याबद्दल नव्हता; मंद होईल हें न सांगितल्याबद्दल होता. अमेरिकेंत ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यांत ३१ कोटींपासून ५० कोटी डॉलरांपर्यंतची तडजोड झाली, आणि अनेक राज्यांच्या सरकारांशीं नोव्हेंबर २०२० मध्यें ११ कोटी ३० लाख डॉलरांची. या तडजोडींत कंपनीनें अपराध मात्र कबूल केला नाहीं. दावेदारांच्या हातीं रक्कम पडली ती २०२४ च्या जानेवारींत, प्रत्येकी सुमारें ९२ डॉलर. तोंपर्यंत बहुतेकांच्या हातांतला तो फोन केव्हांच गेला असेल.

आतां कायदे जागे होत आहेत. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांच्या बॅटऱ्या ८०० वेळां भरल्यावरहि ८० टक्के शक्ति राखतील अशा असाव्या लागतात, आणि सुटे भाग विक्री बंद झाल्यावरहि सात वर्षें मिळावे लागतात. आपल्याकडे केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं, राष्ट्रीय ग्राहक दिनीं, दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक स्थळ सुरू केलें. कंपन्यांनीं दुरुस्तीची माहिती एके ठिकाणीं द्यावी, हा त्याचा हेतु. कल्हईवाल्याच्या देशाला दुरुस्तीचा हक्क नव्यानें मागावा लागतो, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

परंतु कायद्याच्या कक्षेबाहेरचा एक विचार मला या प्रकरणानें दिला. न सांगतां काळजी घेण्याची कला आम्हां एकत्र कुटुंबांतील माणसांना कांहीं परकी नाहीं. डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून प्रकृतीचें खरें काय तें सांगतात, आणि वडिलांना आंत येऊन "सर्व ठीक आहे" एवढेंच कळतें. मग त्यांच्या चहांतली साखर हळूच कमी होते. माळ्यावर चढण्याची शिडी शेजाऱ्यांकडे जाते ती परत येत नाहीं. ठरलेली यात्रा पावसाचें निमित्त होऊन पुढें ढकलली जाते. बँकेंतलीं कामें "तुम्हांला उगाच त्रास" म्हणून दुसऱ्याकडे जातात. यांत विकणाऱ्याचा लोभ नसतो. शुद्ध माया असते. कंपनीच्या मौनांत आणि मायेच्या मौनांत हा भेद फार मोठा आहे, आणि तो मी विसरत नाहीं.

पण मौनाखालीं बसलेल्या माणसाच्या बाजूनें पाहिलें तर अनुभव एकच. आपल्या तोट्या एकेक करून बंद होत आहेत, एवढें त्याला जाणवतें. कां, तें कळत नाहीं. आणि कारण सांगितलें नाहीं कीं माणूस कारण स्वतःमध्यें शोधतो. वहिनींनीं वही सुनेपुढें ठेवली ती याच न्यायानें. ज्या म्हाताऱ्याला "तुमच्या हृदयाला जिने झेपणार नाहींत" असें सांगितलें आहे, तो जिना सोडतो आणि बाकीचें आयुष्य आपलें म्हणून जगतो. ज्याला सांगितलेलें नाहीं, तो आपण कोणालाच नकोसे झालों आहों असें समजून आयुष्यच सोडीत जातो. सांगण्याचीहि एक रीत असते. वेळ पाहावी, शब्द मऊ असावेत, आणि ऐकणाऱ्याचा हात हातांत असावा. पण मऊ शब्द निराळे आणि शब्दच नसणें निराळें.

मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्याहि तोट्यांवर केव्हां तरी लगाम घालावा लागेल, आणि तो घालणारे हात प्रेमाचेच असतील, याविषयीं मला शंका नाहीं. म्हणून घरांतील तरुण मंडळींना, आणि हें वाचणाऱ्या इतर घरांतल्या तरुण मंडळींनाहि, एवढेंच सांगणें आहे: गति खुशाल उतरवा, पण शंभरापैकीं किती उरले तो आंकडा आम्हांला दाखवीत जा. उरलेल्याचा जमाखर्च कसा करावयाचा, तें आम्ही पाहूं. वहिनींना विचारा, हिशेबाची वही अद्याप त्यांच्याकडेच आहे, आणि गेल्या महिन्यांत वाण्याच्या यादींतली साडेतीनशे रुपयांची चूक त्यांनींच काढली.